आपल्या भागातला दवाखाना कितपत सुरक्षित? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर. इंदूरच्या या भागांत दर दोन गल्ल्यांआड एक दवाखाना सापडतो. मी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम केलं आहे, म्हणून ओळखीचे लोक मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "आमचे डॉक्टर बरे आहेत ना?" डॉक्टरांचं निदान किती अचूक, हे बाहेरून सांगता येत नाही. पण दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे बाकावर बसल्या बसल्याही बरंचसं दिसतं. सरकारी माणूस क्वचित येतो आणि आला तरी बहुतेक कागद बघतो. तुम्ही मात्र काम चालू असताना तिथे असता. काय बघायचं, ते पुढे सांगितलं आहे.

दवाखाना "तपासायचा" आम्हाला अधिकार तरी आहे का?

कपाटं उघडायचा, रजिस्टर चाळायचा अधिकार नाही. तो अधिकाऱ्यांचा. पण विचारायचा अधिकार नक्की आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. आजाराची आणि खर्चाची माहिती मिळणं, आपले कागद मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, औषधं आणि चाचण्या आपल्याला हव्या त्या ठिकाणी करणं हे सगळं त्यात आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर बाईमाणसाला सोबत दुसरी स्त्री असावी, हेही आहे. "रिपोर्ट अमुकच लॅबचा हवा, दुसरा चालणार नाही" असं कोणी ठणकावलं तर कारण विचारा. कधी कधी कारण खरंच असतं, कधी कमिशन असतं.

सरकारकडून तपासणी कोण करतं?

मध्य प्रदेशात खासगी दवाखाने आणि नर्सिंग होम यांच्यासाठी राज्याचा स्वतःचा १९७३ चा नोंदणी कायदा आहे आणि त्याखालचे १९९७ चे नियम. जिल्ह्यात ते राबवतात मुख्य चिकित्सा आणि स्वास्थ्य अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीएमएचओ म्हणतो ते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून "दवाखान्याचे नियम" म्हणून जे मेसेज येतात ते बहुधा महाराष्ट्राच्या कायद्याचे असतात. तिथला कायदा वेगळा आहे, १९४९ चा. तो इथे दाखवून भांडू नका, समोरचा हसेल.

याशिवाय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, औषधांसाठी औषध निरीक्षक, सोनोग्राफी असेल तर गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालची जिल्हा यंत्रणा, एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक परिषद. दोन खोल्यांच्या दवाखान्यावर इतक्या खात्यांची नजर असते, आणि माझ्या अनुभवात प्रत्येक खात्याला वाटत असतं की बाकीचे बघत असतील.

समोरचा डॉक्टर खरा की झोलाछाप, हे कसं ओळखायचं?

पाटीवरच्या अक्षरांच्या लांबीवरून तर नक्कीच नाही. एमबीबीएस ही तीन-चार अक्षरं पुरेशी असतात. ज्या पाटीवर नावापुढे दीड ओळ पदव्या असतात, तिथे मी आधी नोंदणी क्रमांक शोधते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, सर्टिफिकेट, पैशांची पावती या सगळ्यावर छापायचा असतो. २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली, म्हणून २००२ चीच चालते.

क्रमांक मिळाला की भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर तो टाका. नाव, वडिलांचं नाव, नोंदणीचं वर्ष दिसतं. डॉक्टर महाराष्ट्रातून शिकून आले असतील तर नोंदणी महाराष्ट्र कौन्सिलची असू शकते, लगेच बोगस म्हणू नका. दाताच्या डॉक्टरांची नोंदणी डेंटल कौन्सिलकडे असते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीची त्यांच्या त्यांच्या मंडळांकडे. "अल्टरनेटिव्ह मेडिसिन"मधली एमडी, "इलेक्ट्रो होमिओपॅथी" किंवा सहा महिन्यांचा कोर्स करून मिळवलेलं "आरएमपी" यांच्या जोरावर ॲलोपॅथीचा दवाखाना चालवता येत नाही.

खरी गोम वेगळीच असते. पाटीवर नाव असलेले डॉक्टर खरेखुरे असतात, नोंदणीही पक्की असते, फक्त ते तिथे बसत नाहीत. खुर्चीत बसलेला माणूस दहा-बारा वर्षं त्यांच्याकडे कंपाउंडर होता. म्हणून विचारायचं ते एवढंच: "चिठ्ठीवर सही कोणाची होणार?" राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

आमचे डॉक्टर बीएएमएस आहेत आणि ॲलोपॅथीची औषधं देतात. हे चालतं?

तत्त्व सोपं आहे: ज्या शास्त्राची नोंदणी, त्याच शास्त्राची औषधं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा मानला होता. पुढे १९९८ च्या दुसऱ्या निकालानुसार राज्य सरकार ठरावीक मर्यादेत परवानगी देऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनाच विचारा, "तुम्हाला ही औषधं द्यायची परवानगी कुठल्या आदेशाने आहे?" उत्तर सरळ आलं तर ठीक. उगाच आवाज चढला तर तेही उत्तरच समजा. मला स्वतःला आयुर्वेदाच्या डॉक्टरांबद्दल अजिबात अढी नाही. साध्या तापात भारीतलं अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दिलं जातं तेव्हा मात्र पदवी कुठलीही असो, मी तिथून उठते.

इंजेक्शन देताना नेमकं काय बघायचं?

दवाखान्यातला सगळ्यात मोठा धोका इथेच असतो, आणि नेमकं त्याच वेळी आपण मान वळवतो. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, २०१८ मध्ये तपासणी शिबिरांत एकाएकी एचआयव्हीचे अनेक रुग्ण सापडले, तेव्हा बोट गेलं ते सायकलवरून फिरून तीच सुई वापरणाऱ्या एका झोलाछापाकडे. गुजरातेत मोडासाला २००९ मध्ये कावीळ ब ची साथ आली आणि माणसं गेली, त्यातही सिरिंज पुन्हा वापरल्याचंच प्रकरण होतं. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना काही दिसत नाही.

तर मान वळवू नका. सिरिंजचं पाकीट तुमच्या समोर फाडलं गेलं पाहिजे. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेल्या सिरिंजा असतील तर "माझ्यासाठी नवीन भरा, सिस्टर" म्हणा. मग बाटलीकडे बघा. एका बाटलीतून अनेकांना औषध देतात, तशा बाटलीवर ती उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली असावी. कंपनीने वेगळं काही लिहिलं नसेल तर अशी बाटली उघडल्यापासून २८ दिवसांत फेकायची असते. आणि रबरी बुचात सुई तशीच खोचून ठेवलेली दिसली, म्हणजे प्रत्येक वेळी नवी सिरिंज फक्त तिला जोडायची, तर तिथे इंजेक्शन घेऊ नका. हे मी चकचकीत, एसी लावलेल्या एका दवाखान्यात पाहिलं आहे. ती सुई सकाळपासून बुचात होती, तिच्या प्लॅस्टिकच्या टोकावर धूळ धरली होती, आणि सिस्टर हातमोजे घालून अगदी नीटनेटकं काम करत होत्या.

इंजेक्शन झाल्यावर सुईला टोपण परत लावायचं नसतं. लावताना बोटात घुसते. सुई तिथल्या तिथे नीडल कटरमध्ये जायला हवी. आणि स्पिरिटचा बोळा? सकाळीच एका डब्यात भिजवून ठेवलेले बोळे दिवसभर वापरतात, ते बरोबर नाही.

गणेशोत्सवातल्या फुकट शिबिरात शुगर तपासून घ्यावी का?

घ्या की. फक्त बोटाला टोचतात ते लॅन्सेट प्रत्येकाला नवीन आहे ना, ते बघा. पेनासारखं स्प्रिंगचं यंत्र रांगेतल्या सगळ्यांना वापरत असतील तर आतली सुई बदलूनही भागत नाही, कारण यंत्राच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं. शिबिरासाठी सुईसकट फेकून द्यायचं एकदाच वापराचं लॅन्सेट मिळतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी बॅनरच्या खर्चातून ते आणावं.

अशक्तपणा वाटला की सलाइन लावतात. ते सुरक्षित आहे?

इंदुरात "एक बाटली चढवून घेतो" असं म्हणायची सवयच आहे. पाचशे मिलिलिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. छप्पन दुकानवरच्या पोहे-जिलेबीच्या प्लेटमध्ये याहून जास्त ताकद आहे. उलटी-जुलाब होऊन तोंडाने काही राहत नसेल, रुग्ण गळून गेला असेल, तर सलाइन जीव वाचवतं. नाहीतर शिरेत विनाकारण एक भोक, आणि त्यातून जंतू जायची वाट मोकळी. बाटली लावून सगळे निघून गेले, कंपाउंडर दर अर्ध्या तासाने डोकावतोय, अशा दवाखान्यात तर नकोच.

"आम्ही उपकरणं उकळतो" असं सांगतात. पुरेसं आहे का?

नाही. उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण बीजाणूरूपात दडलेले जंतू त्यातूनही वाचतात. रक्तात किंवा टाक्यांच्या जागी जाणारी उपकरणं ऑटोक्लेव्ह केलेलीच हवीत: १२१ अंश सेल्सिअस, पंधरा पौंड दाबाची वाफ, आणि ठरलेला वेळ. दाताचा दवाखाना, ड्रेसिंग, टाके, गर्भाशयाची तपासणी, या चार ठिकाणी हे जरूर विचारा.

बघायचं कसं? पाकिटात किंवा कापडात बांधलेलं उपकरण तुमच्यासमोर उघडलं जावं. त्या पाकिटावर किंवा चिकटपट्टीवर रंग बदललेली रेघ असते. फिकट रेघ गडद झाली की पाकीट तापमानातून गेलं, इतकंच कळतं. आतलं सगळं निर्जंतुक झालंच, याची खात्री ती पट्टी देत नाही. त्यासाठी अधूनमधून ऑटोक्लेव्हमध्ये जिवंत बीजाणूंची चाचणी ठेवायची असते. "शेवटची स्पोअर टेस्ट केव्हा केली?" हा प्रश्न मी दवाखान्यांना विचारते तेव्हा बऱ्याच ठिकाणी आधी शांतता पसरते. जिथे सिस्टरने लगेच रजिस्टर काढून तारीख दाखवली, त्या दवाखान्यावर माझा अर्ध्याहून जास्त विश्वास बसतो.

आणखी एक. मोतीबिंदूसारखी छोटी वाटणारी शस्त्रक्रियाही याच साखळीवर उभी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंदुरातच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग होऊन अनेकांनी त्या डोळ्याची दृष्टी गमावली. अशा संसर्गात शल्यविशारदाचा हात कितीही निष्णात असला तरी खोली, द्रव, उपकरणं यांतली एक कडी तुटली की पुरे.

डॉक्टर हात धुतात की नाही, हे कसं कळणार?

बघून. तपासणीच्या खोलीत बेसिन आहे का, साबण आहे का, नाहीतर टेबलावर हँडरबची बाटली आहे का. बाटली असणं वेगळं आणि तिच्यातलं रब संपणं वेगळं, म्हणून ती किती रिकामी होते ते पुढच्या खेपेला बघा. हातमोजे घालून तेच हातमोजे पुढच्या रुग्णाला वापरणं हे हात न धुण्यापेक्षा वाईट.

दवाखान्याचा कचरा कुठे जातो? आपली कचरागाडी घेते ना?

मुळीच नाही. आपण इंदूरवाले स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतो, घरी कचरा वेगळा करायची सवयही लागली, पण रक्ताचा कापूस आणि सुया गाडीत टाकणारे दवाखाने अजून आहेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. पिवळ्या पिशवीत रक्त-पू लागलेला कापूस आणि पट्ट्या. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे. पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्या डब्यात काच. हा कचरा सामायिक प्रक्रिया केंद्राची वेगळी गाडी नेते, पिशव्यांवर बारकोड असतो आणि ४८ तासांपेक्षा जास्त तो दवाखान्यात ठेवायचा नसतो.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूने एक चक्कर मारा. सफाई करणाऱ्या ताईंशी बोला. घराघरातून कचरा घेणाऱ्या गाडीवरच्या माणसालाही विचारा, "इथून कधी सुया येतात का?" त्याच्या हातात घुसलेली सुई त्याला चांगली आठवते.

बाळाची लस खासगी दवाखान्यात घेतो. फ्रिजचं काय बघायचं?

लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. फ्रिजमध्ये थर्मामीटर आणि दाराबाहेर तापमान लिहायचा तक्ता आहे का, सकाळ-संध्याकाळची नोंद आहे का. सलग महिनाभर प्रत्येक रकान्यात "४" लिहिलेलं असेल तर ती नोंद एका बैठकीत भरलेली असणार, असं मी समजते. लसी दाराच्या कप्प्यात ठेवत नाहीत, कारण दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. आणि फ्रिजमध्ये डॉक्टरांचा जेवणाचा डबा असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

उन्हाळ्यात वीज गेली तर काय सोय आहे, हे विचारा. बऱ्याच लसींच्या कुपीवर गोलात एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली, दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला की फेकायची. गोवर आणि बीसीजीची कुपी द्रव मिसळल्यावर चार तासांतच वापरायची असते. म्हणून सकाळी उघडलेली कुपी संध्याकाळी चालणार नाही.

डॉक्टर स्वतःच पुड्या देतात. घ्याव्यात का?

नोंदणीकृत डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतात, कायद्यात तशी सूट आहे. पण औषध परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेलं हवं आणि त्याची बॅच क्रमांकासकट नोंद हवी. दवा बाजारातून सुट्ट्या गोळ्यांचा डबा आणून चुरा करून दिला, तर तुम्ही काय खाल्लं हे तुम्हालाही कळत नाही आणि रात्री त्रास झाला तर दुसऱ्या डॉक्टरलाही नाही. सांधेदुखीच्या, दम्याच्या "जादूच्या" पुडीत स्टेरॉइड मिसळतात, दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो आणि काही महिन्यांनी तोंड सुजून, साखर वाढून परत येतो. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून मागा. नाव लिहायला तयार नसेल तर पुडी टेबलावर ठेवून या.

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाबद्दल तर आणखी जपा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक मुलं दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. जो बालरोगतज्ज्ञ "याला सिरपची गरज नाही, नाकात सलाइनचे थेंब घाला" म्हणतो, त्याच्याकडे औषध कमी मिळालं म्हणून नाराज होऊ नका.

दवाखान्यातच रिॲक्शन आली तर?

तेव्हा पहिली काही मिनिटं महत्त्वाची. इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ॲड्रेनॅलिन, म्हणजे जीवघेण्या रिॲक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन, हवं, ऑक्सिजनचा सिलिंडर हवा, फुगवून श्वास देण्याची पिशवी हवी. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर कोपऱ्यात दिसतो बऱ्याच ठिकाणी, पण त्याला मीटर जोडलेलं आहे का आणि काटा शून्यावर तर नाही ना, ते बघा. किल्ली सापडत नाही म्हणून भरलेला सिलिंडर उपयोगाला आला नाही, असंही होतं. ॲड्रेनॅलिन आहे का एवढंच न विचारता "कुठे आहे?" असं विचारावं. ज्यांना सवय आहे ते शोधत बसत नाहीत. इंजेक्शन किंवा लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवणारा दवाखाना तुमचा वेळ खात नाही. १०८ ला फोन करायचं काम कोणाचं, हेही ठरलेलं असावं.

चिठ्ठी आणि कागदांचं काय?

चिठ्ठी वाचता येण्याजोगी हवी, औषधाचं मूळ नाव हवं, शक्यतो मोठ्या अक्षरांत. तारीख, वय, वजन (मुलांचं तर हवंच), निदान किंवा निदानाचा अंदाज, सही. दाखल झालेल्या रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. "फाइल सापडत नाही" हे उत्तर चालत नाही. माझी सूचना: घरी प्रत्येकाची एक साधी फाइल ठेवा, आणि ॲलर्जी पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

एनएबीएचचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. म्हणजे निश्चिंत?

निश्चिंत नाही, पण बरं लक्षण. एनएबीएच ही भारतीय गुणवत्ता परिषदेची शाखा, ती मोठ्या रुग्णालयांबरोबर क्लिनिकनाही मानांकन देते. लॅबसाठी एनएबीएल असतं. प्रमाणपत्रावर मुदत असते आणि कोणत्या कामासाठी दिलंय हेही लिहिलेलं असतं. लॅबला वीस चाचण्यांसाठी मिळालेलं मानांकन त्यांच्या दोनशे चाचण्यांच्या दरपत्रकावर छापलं जातं, हे लक्षात ठेवा. आणि ऐच्छिक असल्यामुळे प्रमाणपत्र नसलेले उत्तम दवाखानेही पुष्कळ आहेत, विशेषतः एकट्या डॉक्टरांचे.

आणि सरकारी संजीवनी क्लिनिक? तिथे कोण बघतं?

सरकारी केंद्रांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं आहेत आणि स्वच्छतेसाठी २०१५ पासून कायाकल्प योजना. एक इंदुरी अभिमानाची गोष्ट सांगते. रुग्णालयाच्या कारभारात नागरिकांना बसवणारी रोगी कल्याण समिती ही कल्पना आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातच सुरू झाली, १९९४ च्या सुरत प्लेगनंतर ते रुग्णालय रिकामं करून साफ केलं तेव्हा. पुढे ती देशभर गेली. तुमच्या वॉर्डातल्या केंद्राच्या समितीत कोण आहे ते विचारा, बैठकीला जायला मिळतं का तेही विचारा.

गूगलवर ४.८ तारे आहेत की!

तारे पार्किंगला आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या बोलण्याला मिळतात. "इंजेक्शनची सुई नवीन फोडली" असं लिहिलेलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

आग, जिने वगैरे?

नुसत्या तपासणीच्या दवाखान्यात फार नाही, पण रुग्ण दाखल करत असतील तर बघाच. १ ऑगस्ट २०२२ ला जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जण गेले. दुसरा जिना आहे का, तो उघडा आहे का की तिथे जुने पलंग रचलेत, अग्निशामक सिलिंडरवर भरल्याची तारीख कोणती. एक मिनिटाचं काम.

हे सगळं विचारलं तर डॉक्टरांना राग येईल. वीस वर्षांचे घरचे संबंध आहेत.

ही अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे डॉक्टर म्हणजे घरातलाच माणूस, त्याला प्रश्न म्हणजे अविश्वास. म्हणून डॉक्टरांची परीक्षा घेतोय असा सूर नको. "डॉक्टरकाका, आईला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, म्हणून मला भीती वाटते, इंजेक्शन माझ्यासमोर फोडाल?" असं म्हटलं की कोणाचा मान जात नाही. प्रश्न शक्यतो सिस्टरला किंवा कंपाउंडरला, डॉक्टर मोकळे असतील तेव्हा. गर्दीच्या वेळी, बाहेर चाळीस माणसं असताना ऑटोक्लेव्हवर चर्चा काढू नका. माझा अनुभव असा की चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. एकीने तर मला आत नेऊन स्वतःचं ऑटोक्लेव्ह दाखवलं आणि वर कुरकुरली की इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

तक्रार करायचीच झाली तर कुठे?

आधी डॉक्टरांकडेच, लेखी. बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. नोंदणी नाही, झोलाछाप आहे, सुया उघड्यावर पडतात, अशा बाबतीत सीएमएचओ कार्यालय. दाद लागत नसेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल भोपाळच्या मेडिकल कौन्सिलकडे. नुकसानभरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग: पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील सक्तीचा नाही. पोलिसांकडे धावण्याआधी एवढं माहीत असावं की २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाची कारवाई करण्याआधी दुसऱ्या, तटस्थ डॉक्टरचं मत लागतं.

दवाखान्यात आरडाओरडा, तोडफोड मात्र नको. राज्यात डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी २००८ चा वेगळा कायदा आहे, आणि मग तुमची खरी तक्रार बाजूला राहून तुम्हीच आरोपी होता.

मग फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकू का?

नको. एक तर फोटोत शेजारच्या बाकावरचा रुग्ण येतो, आणि तो कोणत्या डॉक्टरकडे गेला हे कॉलनीला कळणं त्याला नको असू शकतं. दुसरं, ग्रुपवर गेलेली गोष्ट अर्ध्या तासात "तिथे एड्सच्या सुया वापरतात" अशी होऊन परत येते आणि डॉक्टरांचा वकील नोटीस पाठवतो ती तुम्हाला. काढायचाच तर फक्त वस्तूचा काढा: मागच्या बोळातल्या सुयांचा, मुदत संपलेल्या बाटलीच्या लेबलचा. तारीख, वेळ, दवाखान्याचं नाव एका ओळीत लिहा, आणि फोटोची प्रत अर्जाला जोडून सीएमएचओ कार्यालयात द्या. आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घ्यायला विसरू नका.